मार्गित नेनीची हंगेरियन

मंगळवारी दुपारी सालमियाहून तपासनीस एवाचा मेल आला, तेव्हा शलाका खानापूरकरने चहाचा कप बाजूला सरकवला आणि दोन कागद शेजारी शेजारी लावले. डावीकडे मूळ इंग्रजी, उजवीकडे परत आलेलं इंग्रजी. एकशे बेचाळीस ओळी. पट्टी धरून ती एकेक ओळ खाली उतरू लागली. शंभराव्या ओळीपर्यंत एकही फरक सापडला नाही. तिला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

कुवेत सिटीतल्या त्या भाषांतर कार्यालयात शलाकाला अकरा वर्षं झाली होती. मुख्य धंदा अरबी-इंग्रजीचा: करारनामे, पदव्या, जन्मदाखले. पण मधूनच कोरियन, तुर्की असं एखादं काम यायचं, आणि कार्यालयात कुणालाच न येणारी भाषा तपासायची एक ठरलेली रीत होती. एकाने इंग्रजीचं त्या भाषेत करायचं. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत आणायचं. मग शलाकाने इंग्रजीशी इंग्रजी ताडून पाहायचं आणि प्रमाणपत्रावर सही करायची. शलाकाची सही असली की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

या खेपेची भाषा हंगेरियन होती. दक्षिणेकडच्या एका रिफायनरीत मोठ्या दुरुस्तीसाठी साठ हंगेरियन तंत्रज्ञ रविवारी कामावर येणार होते. साइटवरचे सुपरवायझर कुणी स्कॉटलंडचा, कुणी केरळचा, कुणी इजिप्तचा. पण सगळे एकाच चालीचं इंग्रजी बोलत. ते रोजचं बोलणं हंगेरियनमध्ये समजावणारी, खिशात मावेल अशी एक पुस्तिका कंपनीला हवी होती. पहिल्या भागात यार्डातल्या हाका आणि हुकूम, दुसऱ्यात बोलण्यात येणारे वाक्प्रचार, आणि शेवटचं पान कँटीनचं. गुरुवारी बारापर्यंत प्रमाणपत्रासकट मजकूर छापखान्यात पोचायचा होता.

भाषांतर केलं होतं यूसुफ मुकादम यांनी. हे मूळचे श्रीवर्धनचे, वय एकसष्ट, अर्दियातल्या एका गोदामात सुट्या भागांचे स्टोअरकीपर. दोन महिन्यांपूर्वी आपली जुनी पदवी भाषांतर करून घ्यायला ते कार्यालयात आले, आणि ती पदवी हंगेरियनमध्ये निघाली. तरुणपणी शिष्यवृत्तीवर हंगेरीतल्या मिश्कोल्त्स गावी ते इंजिनिअरिंग शिकले होते. शलाकाने त्यांचा नंबर लिहून ठेवला. पुस्तिकेचं काम आलं तेव्हा तिने त्यांनाच फोन लावला आणि सांगितलं, की मजकूर पास झाला तर कंपनी तीन महिन्यांसाठी त्यांनाच साइटवर दुभाष्या म्हणून घेणार आहे.

"ताई," यूसुफभाई म्हणाले, "चौतीस वर्षांत मी ती भाषा कुणाशी बोललो नाय. स्वतःशी बोलतो कधीतरी, गाडीत."

त्यानंतर दर दोन दिवसांनी त्यांचा फोन येई. "काय, झालं का पास?"

एकशे तिसऱ्या ओळीवर शलाकाची पट्टी थांबली. मूळ ओळ होती 'होल्ड युवर हॉर्सेस'. म्हणजे दमानं घ्या, घाई करू नका. परत आलेली ओळही होती 'होल्ड युवर हॉर्सेस'.

हे होऊच शकत नव्हतं. हंगेरियन न येणाऱ्या शलाकालाही एवढं कळत होतं. तुर्कीत गेलेला वाक्प्रचार परत आला होता तो वेगळा होऊन. कोरियनमधून तर असा काही आला होता की तिला दोन फोन करावे लागले होते. घोडा परमुलखात जाऊन आला की त्याचा दुसराच कुठला तरी प्राणी झालेला असतो, निदान खोगीर तरी बदललेलं असतं. इथे घोडा गेला होता आणि घोडाच परत आला होता, लगामासकट.

तिने स्वतःचे पाठवलेले मेल उघडले. एवाला गेलेला मेल सापडला. खाली नेटकं लिहिलेलं होतं: 'सोबत: १. हंगेरियन मसुदा. २. मूळ इंग्रजी प्रत, संदर्भासाठी.'

शलाकाने ती ओळ पुन्हा वाचली. कुवेतला येण्याआधी आठ वर्षं ती नाशिकला विमा कार्यालयात होती. तिथल्या हेडक्लार्कने तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की पत्राला सगळे कागद जोडलेले असलेच पाहिजेत. समोरच्याला एकही कागद मागायची वेळ येता कामा नये. जावक नोंदवहीतला 'सोबत'चा रकाना रिकामा दिसला की तो पत्र परत पाठवायचा. ती सवय हातातच बसली होती. याआधीच्या दोन्ही भाषांची परततपासणी बाहेरच्या संस्थेमार्फत झाली होती. तपासनीसाला थेट मेल तिने प्रथमच केला, आणि प्रश्नपत्रिकेसोबत उत्तरंही पाठवून दिली.

तिने एवाला फोन केला. एवा मूळची बुडापेस्टची, सालमियाच्या एका शाळेत पियानो शिकवायची.

"मला वाटलं, जुळतं का ते पाहायचंय," एवा म्हणाली. "अर्थ बरोबर दिसला की तुमची ओळ उतरवून घेतली. का, काही चुकलं का?"

"तुमचं नाही," शलाका म्हणाली.

कार्यालयाचा व्यवस्थापक प्रसाद खुर्चीतून उठून तिच्या टेबलाशी आला. वयाने तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पुण्याचा. तिला ताई म्हणे. "एकशे बेचाळीसपैकी एकशे बेचाळीस! अहो ताई, पेढे वाटायचे सोडून तोंड पाडून काय बसलात?"

"कारण ही तपासणी झालेलीच नाही." तिने मेल दाखवला.

प्रसादने वाचलं आणि आवाज खाली आणला. "हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

"तसं नव्हे हो. त्या बाईने हंगेरियन वाचलं ना? अर्थ बरोबर आहे म्हणाली ना? मग झालं. परवा बारा वाजता छापायला द्यायचंय. आणि पुन्हा तपासणीत नापास झालं तर नियम माहितीये ना? भाषांतरकाराचं नाव वर्षभर यादीतून बाद. त्या चाचांचं साइटवरचं काम गेलं. तुमच्या एका जोडपत्रापायी!"

शेवटचं वाक्य तिला लागलं, कारण ते खरं होतं. पण सही पुस्तिकेखाली जायची होती, आणि पुस्तिका साठ माणसांच्या खिशात. "उद्या दुपारपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली.

आता एवा उपयोगाची नव्हती. तिने मूळ पाहिलं होतं. पण एवाचा नवरा गाबोर तेलविहिरींवर ड्रिलिंगला होता आणि नेमका आठवडाभर सुट्टीवर घरी होता. त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं. शलाकाने त्याला फक्त हंगेरियन मसुदा पाठवला. पाठवण्याआधी जोडलेल्या फायली तिने तीनदा मोजल्या. तीनदाही एकच निघाली.

बुधवारी सकाळी, अबू हलीफाच्या घरून ती गाडीने कार्यालयात पोचेपर्यंत, गाबोरचं उत्तर येऊन पडलं होतं. शलाकाने पट्टी घेतली आणि आधी दुसरा भाग उघडला. 'होल्ड युवर हॉर्सेस'च्या जागी आलं होतं: 'अंगाने हळू.' 'पीस ऑफ केक'चा केक जाऊन 'मुलांचा खेळ' आला होता. 'इट्स ग्रीक टू मी', म्हणजे मला यातलं काही कळत नाही, यातलं ग्रीक चिनी झालं होतं. 'कॉल इट अ डे'चं 'आजच्यापुरतं पुरे'. सगळं बदललेलं आणि सगळं जागच्या जागी. यूसुफभाईंना भाषा येत होती, उत्तम येत होती. तिला हायसं वाटलं.

मग तिने पहिला भाग उघडला. मूळ ओळ: 'स्टँड क्लिअर!' परत आलेली: 'कृपा करून आपण थोडंसं बाजूला उभं राहाल का.' मूळ: 'डोन्ट टच!' परत आलेली: 'आपण याला हात न लावलात तर फार बरं होईल.' मूळ: 'स्टॉप!' परत आलेली: 'कृपया थांबण्याची तसदी घ्यावी.' अडतीस हुकूम होते आणि अडतीसच्या अडतीस असेच. खाली गाबोरने लिहिलं होतं: 'अत्यंत सुंदर हंगेरियन. माझी आजी असं बोलायची. फक्त, क्रेनखाली मी उभा असेन, तर हा माणूस वाक्य पुरं करेपर्यंत मी उरणार नाही.'

शलाकाने कागद पिशवीत घातले, प्रसादला "अर्दियाला जातेय" एवढंच सांगितलं आणि निघाली.

गोदामात यूसुफभाई काचेच्या छोट्या खोलीत बसले होते. तिला पाहताच उठून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.

"झालं पास?"

"बसा यूसुफभाई."

तिने आधी स्वतःची चूक सांगितली, मग गाबोरचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. चेहरा हळूहळू ताठ झाला.

"चूक दाखवा. एक शब्द दाखवा चुकलेला."

"एकही शब्द चुकलेला नाही."

"मग कशापायी नापास?"

"नापास म्हटलं नाही मी अजून. 'स्टॉप' म्हणायला तुम्हाला चार शब्द लागलेत."

"सभ्य माणसाला लागतात!" ते म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग सावकाश बोलू लागले. "मार्गित नेनीच्या घरी मी राहायचो. नेनी म्हणजे आपली मावशीच म्हणा ना. मागची खोली भाड्यानं दिलेली मला. कॉलेजात सगळी परदेशी पोरं, आम्ही आपसांत इंग्रजी बोलायचो. हंगेरियन शिकलो ती म्हातारीच्या जेवणाच्या टेबलावर. एकदा मी सरळ 'मीठ दे' म्हटलं. तिनं मिठाची वाटी उचलली आणि फळीवर ठेवून दिली. पूर्ण वाक्य बोलेपर्यंत आळणी सूप जेवलो मी, चार दिवस! 'लेद्येन सीवेश', म्हणजे कृपा करून, असं सुरुवातीला म्हटल्याशिवाय त्या घरात खिडकीसुद्धा उघडत नसे. आणि आता तुम्ही म्हणता, तिची भाषा चालत नाय."

"टेबलावर चालते. क्रेनखाली नाही."

"मी त्या लोकांच्यात पाहुणा होतो, ताई. मी त्यांच्यावर कसा ओरडू?"

कार्यालयाला कळवायला हवं म्हणून शलाका फोन काढून खोलीबाहेर आली आणि नंबर शोधत दोन पावलं मागे सरकली.

"ए बाजू! बाजू हो!"

दंडाला हिसका बसला आणि ती रॅकवर आदळली. ती उभी होती तिथून फोर्कलिफ्ट उलटी निघून गेली, पुढच्या काट्यांवर खोक्यांची चळत. चालवणारा सर्फराज पुढे जाऊन थांबला आणि मान वळवून पाहू लागला. यूसुफभाईंनी तिचा दंड सोडला.

शलाकाने पडलेला फोन उचलला, काच तडकली नाही हे पाहिलं, श्वास जागेवर येऊ दिला. "यूसुफभाई, आत्ता तुम्ही मला अहो-जाहो केलं नाहीत."

"जीव जात होता तुमचा!"

"हो," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गोदामाच्या लांबलचक वाटेकडे. शेवटी इंजिनिअरच ते. त्यांनी हात वर करून हाक मारली. "सर्फराज! गाडी खाली कर, और वहाँ से धीरे धीरे मेरी तरफ ला."

रिकामी फोर्कलिफ्ट दुरून येऊ लागली. यूसुफभाई वाटेच्या कडेला, रॅकला टेकून उभे राहिले आणि त्यांनी मार्गित नेनीचं वाक्य मोठ्याने, स्वच्छ उच्चारात म्हटलं. सगळं म्हटलं, पहिल्या 'लेद्येन सीवेश'पासून शेवटच्या शब्दापर्यंत. सर्फराज हसून मान डोलावत समोरून निघून गेला आणि दहा हात पुढे गेल्यावर म्हणाला, "जी चाचा, कुछ बोला?"

"पीछे ले. फिर से आ."

या वेळी त्यांनी 'स्टॉप'साठी एकच शब्द फेकला. "आय्य!"

ब्रेक किंचाळले. गाडी जागच्या जागी उभी राहिली. सर्फराजला हंगेरियनचा गंधही नव्हता. तो दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून बसला. "क्या हुआ चाचा? गाली दी क्या?"

एका खोक्यावर टेकून यूसुफभाई स्वतःशीच म्हणाले, "ओतकामाच्या कारखान्यात होतो दोन महिने, प्रॅक्टिकलला. तिथला फोरमन दिवसभर असाच ओरडायचा. मी एक शब्द तोंडानं काढला नाय. पण ऐकलंय. सगळं ऐकलंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "द्या तो कागद."

अडतीस ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. कित्येक ठिकाणी चार शब्द खोडून एक उरला. 'स्टँड क्लिअर'च्या पुढे 'विद्याझ!' एवढंच, म्हणजे सांभाळ. पण हे पुन्हा तपासायचं कसं? मेल, उत्तर, छापखाना. वेळ पुरणार नव्हता. शलाकाने गाबोरला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि खुणा करायला इंग्रजीची प्रत स्वतःच्या हातात धरली.

"मी काही सांगणार नाही," ती त्याला म्हणाली. "इथले गृहस्थ ओळींचा क्रम मोडून ओरडतील. तुम्हाला जे कळेल ते इंग्रजीत सांगायचं."

यूसुफभाई उभे राहिले. पहिल्या हाकेला आवाज चिरकला. "पुन्हा," गाबोर म्हणाला, "मी क्रेनच्या पलीकडे आहे." दुसऱ्यांदा गोदामाच्या पत्र्याला नाद आला. "स्टॉप," गाबोर म्हणाला. शलाकाने खूण केली. "लुक आउट." खूण. "हँड्स ऑफ." खूण. सव्विसाव्या ओळीला तो अडला; यूसुफभाईंनी शब्द बदलला, मग जुळलं. अडतिसावी झाल्यावर गाबोर हसून हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाला. यूसुफभाईंनी उत्तर दिलं. त्याने काही विचारलं. यांनी पुन्हा उत्तर दिलं, लांबलचक, आणि त्यात 'मार्गित नेनी' दोनदा आलं. शलाकाला एक अक्षर कळत नव्हतं. तिने फोन त्यांच्या हाती दिला आणि खुर्ची पुढे केली. वीस मिनिटं ती रॅकवरच्या नटबोल्टांची लेबलं वाचत बसली.

शेवटचं कँटीनचं पान तेवढं यूसुफभाईंनी बदलू दिलं नाही. "इथं क्रेन नाय," ते म्हणाले. त्या पानाला गाबोरनेही आक्षेप घेतला नव्हता. शलाकाने ते तसंच ठेवलं.

गुरुवारी अकरा वाजता तिने प्रमाणपत्र टाइप केलं. नेहमी त्यात तीन ओळी असत. या खेपेला सात झाल्या. पहिली तपासणी माझ्या चुकीमुळे रद्द धरावी, कारण मूळ प्रत तपासनीसाकडे गेली होती. दुसऱ्या तपासणीत अडतीस ओळी अर्थाने बरोबर पण यार्डात वापरायला निरुपयोगी ठरल्या. त्या भाषांतरकाराने स्वतः पुन्हा केल्या आणि मूळ न पाहिलेल्या माणसाने, आवाजावरून, पुन्हा तपासल्या. मग सही.

प्रसादने वाचून कपाळाला हात लावला. "ताई, ही तक्रार आहे की प्रमाणपत्र? स्वतःचीच चूक कुणी लेटरहेडवर लिहितं का? आणि 'निरुपयोगी' म्हणजे नापासच झालं ना ते?"

"निकाल मसुद्याचा नोंदवायचा असतो, तपासणी पुरी झाल्यावर. ती काल दुपारी पुरी झाली, आणि मसुदा पास झाला."

"हे सगळं कोण वाचतंय तिकडे!"

"कुणी वाचणारच नसेल, तर जाऊ द्या की."

त्याने जाऊ दिलं. पावणेबाराला मजकूर छापखान्यात गेला, प्रमाणपत्र कंपनीकडे. दीड वाजता कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने वाचलं होतं, सातही ओळी. 'आवाजावरून' म्हणजे काय केलं, एवढंच त्याला विचारायचं होतं. शलाकाने फोर्कलिफ्टसकट सांगितलं. तो म्हणाला, त्या गृहस्थांना रविवारी सकाळी सहाला गेटवर पाठवा, शिरस्त्राणाचं माप कळवा.

रविवारी संध्याकाळी यूसुफभाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना. घसा पार बसला होता.

"सकाळपासून ओरडतोय, ताई. साठ माणसं! एकदा चुकून 'लेद्येन सीवेश' निघालं तोंडातून, तर एक म्हातारा फिटर टोपी काढून वाकला."

"आणि बाकी?"

"बाकी वेळेत थांबतायत." ते खोकले, पाणी प्यायले. "दुपारी कँटीनला एक पोरगा बसला समोर. चोवीस-पंचवीसचा असंल. मला म्हणतो, 'मीठ दे.' सरळ, तसंच."

"मग, दिलंत?"

"दिलं," यूसुफभाई म्हणाले. "पण जरा थांबून."